गवंड्याच्या मुलीलाही रिअल इस्टेटचा व्यवसाय शिकता यावा

प्रति,
मा. अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व सभासद,
क्रेडाई कोल्हापूर



स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला येणाऱ्या मुलामुलींना सर्वेक्षण शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारावर आपल्याकडे एक मागणी करते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गरजू विद्यार्थ्यांना रिअल इस्टेटच्या क्षेत्रातले शिक्षण घेता यावे आणि त्यात व्यवसाय करता यावा, यासाठी बांधकाम व्यावसायिकांच्या आपल्या संघटनेने कायमस्वरूपी शिष्यवृत्ती निधी उभा करावा. ही मागणी खासगी निवेदनातून न करता जाहीरपणे करते आहे, कारण हा विषय आपल्या संघटनेचा आहे तितकाच या शहराचाही आहे.

साधा दोन खोल्यांचा फ्लॅट विकला जातो, तेव्हा त्यामागे किती माणसांचे ज्ञान लागते हे आपल्याला सांगायला नको. जुने फेरफार काढून मालकी तपासणारा वकील, हद्द कायम करणारा मोजणीदार, आराखडा करणारा आर्किटेक्ट, लोखंडाचा हिशेब मांडणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर, बँकेसाठी किंमत ठरवणारा व्हॅल्युअर, महारेरा या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला प्रगती भरणारा कर्मचारी, जागा दाखवणारा एजंट आणि ताबा दिल्यावर सोसायटीची देखभाल पाहणारा व्यवस्थापक, अशी ती साखळी आहे. यातली एक कडी कच्ची निघाली, तर तिची किंमत शेवटी घर घेणारा मोजतो. आयुष्यभराची पुंजी एकाच व्यवहारात घालणाऱ्या माणसाला ती किंमत परवडत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर हे ज्ञान अधिक बारीक लागते. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातली तीन हजारांवर देवस्थाने आहेत आणि त्यांच्या इनाम जमिनी गावोगाव पसरल्या आहेत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतली एक ओळ वाचायची राहिली, तर संचकार देऊन बसलेला माणूस वर्षानुवर्षे कज्ज्यात अडकतो. वतनाच्या जमिनी, कुळाच्या जमिनी, भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी, प्रत्येकीचे नियम वेगळे. शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे मुद्रांकाच्या कागदावर विकले गेले, त्यांच्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. तरीही अशा वस्त्यांत घर बांधलेल्या कुटुंबांना आपले कागद पूर्ण करायला अजून पायपीट करावी लागते.

नदीचेही तसेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पूरनियंत्रणाची निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर वाचता येणारा, त्याच जागेवर उभा राहून पातळी काढून दाखवणारा आणि ग्राहकाला खरे सांगणारा माणूस नदीकाठच्या प्रत्येक व्यवहारात असायला हवा होता. पाणी ओसरल्यावर चिखल उपसणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले की या शिक्षणाची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

आणि काम वाढतेच आहे. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२४ च्या मार्चमध्ये उजळाईवाडी विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांचे पक्षकार, वकील, कर्मचारी शहरात येऊ लागले. त्यांना कार्यालये हवीत, घरे हवीत, भाड्याच्या खोल्या हव्यात. पुढच्या काळात या शहराच्या जमिनीचे जे निर्णय होतील, त्यांवर इथल्या पुढच्या पिढ्यांचे जगणे ठरणार आहे. ते निर्णय घेणारी माणसे कोण असतील, हा माझा प्रश्न आहे.

आज या क्षेत्रात येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. वडिलांचे कार्यालय असेल तर मुलगा त्यात बसतो. घरची जमीन असेल तर ती विकसित करता करता माणूस बिल्डर होतो. ओळखीपाळखी दांडग्या असतील तर एजंट होतो. यात कष्ट नाहीत असे मी म्हणत नाही. आपल्यापैकी अनेकांनी सायकलवरून साईट फिरत सुरुवात केली आहे. पण ज्याच्याकडे कार्यालय नाही, जमीन नाही आणि ओळखही नाही, त्याला आत यायला कोणती वाट आहे?

माझ्या वर्गात अशी मुले नेहमीच असत. सेंट्रिंगच्या कामाला जाणाऱ्याची मुलगी, आजरा-चंदगडकडच्या अल्पभूधारकाचा मुलगा, फरशी बसवणाऱ्याचा धाकटा भाऊ. थिओडोलाइट हातात घेतल्यावर या मुलांचे डोळे आणि हात सारख्याच वेगाने चालत. लेव्हल, ओळंबा, माप हे त्यांनी घरातच पाहिलेले असे. पदविका झाली की मात्र बहुतेक जण मिळेल त्या साईटवर सुपरवायझर म्हणून लागत आणि तिथेच राहत. त्यांच्या बुद्धीची धाव त्याहून पुष्कळ पुढची होती. पुढच्या शिक्षणाचे पैसे नव्हते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे असे काही शिक्षण असते हे त्यांना सांगणारे कुणी नव्हते.

हे शिक्षण आता आहे आणि कायद्याने त्याला स्थान दिले आहे. २०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले आणि एजंटलाही नोंदणी बंधनकारक झाली. पुढे २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. आज सक्षमता प्रमाणपत्राशिवाय या कामाची नोंदणी मिळत नाही. कंपनी कायद्याखाली २०१७ मध्ये नोंदणीकृत मूल्यांककांचे नियम आले. जमीन व इमारतींचा मूल्यांकक व्हायचे तर स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नगररचनेची पदवी, त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा अशी पायरीपायरीची वाट आहे. पुण्याच्या निकमारमध्ये रिअल इस्टेटचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, अहमदाबादच्या सेप्टमध्ये नगररचनेचे. अमेरिकेत एमआयटीने १९८३ मध्ये रिअल इस्टेटसाठी स्वतंत्र केंद्र काढले. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाच्या साथीने या व्यवसायातल्या मंडळींनीच निधी उभारला आणि ज्यांच्या घरात या क्षेत्रातले कुणी नाही अशा शाळकरी मुलांपर्यंत ते पोहोचले. आपल्यासाठी अनुकरणीय आहे ते हेच. तिथे व्यवसायाने आपली पुढची पिढी स्वतःच्या घराबाहेर शोधली.

जिथे ओळखीने काम चालत होते तिथे आता परीक्षा आली, हा मोठा बदल आहे. परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी आडनाव लागत नाही. पण तिथवर पोहोचायला पैसे लागतात, आणि वाट पुन्हा तिथेच अडते.

सरकारी मदत आहे ना, असे आपण म्हणाल. आहे, आणि ती मोलाची आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या विद्यार्थ्याला निम्मे शिक्षण शुल्क मिळते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या पात्र मुलींना पूर्ण शुल्काची सवलत आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना आहे. बांधकाम खर्चावर आपण जो एक टक्का उपकर भरता, त्यातून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराच्या मुलांना मदत देते. पदवीसाठी वर्षाला २०,००० रुपये, अभियांत्रिकीसाठी ६०,००० रुपये. म्हणजे आपल्या इमारतींतून जमा झालेला पैसा आजही गवंड्याच्या लेकरांना कॉलेजपर्यंत नेतो आहे. याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा, आणि प्रत्येक साईटवरच्या कामगाराची नोंदणी वेळेवर होईल हे पाहायलाही हवे. नोंदणीच नसेल तर ती मदत त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

मात्र या योजनांचा भर पदवी-पदविकांच्या नियमित शिक्षणावर आहे. या क्षेत्राचे खरे शिक्षण त्यांच्या आसपास आणि त्यांच्यानंतर घडते. महारेराच्या परीक्षेची तयारी आणि नोंदणीचे १०,००० रुपये, मूल्यांककाचा अभ्यासक्रम, सर्च रिपोर्ट शिकण्यासाठी वकिलाच्या हाताखाली काढलेले पहिले वर्ष, आर्किटेक्टकडची तुटपुंज्या मानधनाची उमेदवारी, जीआयएस आणि ड्रोन मोजणीचे प्रशिक्षण, पुण्यात राहण्याचा खर्च. घरी दोन वेळची सोय असलेला मुलगा ही वर्षे काढतो. ज्याच्या पगाराची घरात वाट पाहिली जाते, त्याला ती काढता येत नाहीत. हुशारी सारखी असूनही दोघांच्या वाटा इथे फुटतात. नेमकी हीच जागा आपण भरून काढावी.

कोल्हापुरात ही मागणी करण्याला इतिहासाचा आधार आहे. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी फ्री मराठा बोर्डिंग. महाराजांनी या वसतिगृहांना काय दिले? जागा दिल्या, इमारती दिल्या, चालू खर्चासाठी अनुदाने दिली. खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेत नाव घालून भागत नाही, त्याला रात्री पाठ टेकायला जागा आणि ताटात भाकरी लागते, हे त्यांनी ओळखले होते. दसरा चौकाच्या परिसरात उभे राहिले की आजही दिसते, या शहरात शिक्षणाला सगळ्यात भक्कम आधार जमिनीने दिला. राजधानीच्या मोक्याच्या जागा विद्यार्थ्यांच्या नावाने राखून ठेवणारा राजा या मातीत होऊन गेला.

त्याच राजाने १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि १९१७ मध्ये वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. आखीव, रुंद रस्त्यांचे हे गाव नगररचनेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम जाऊन पाहावे असे आहे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी क्रमांकांच्या गल्ल्यांनी आकाराला आली. पेठ वसवणे आणि पोराला शिकवणे ही दोन्ही कामे या शहरात एकाच दूरदृष्टीतून झाली. आपण पेठा वसवण्याचे काम पुढे चालवता आहात. दुसऱ्या कामाचा वारसाही आपलाच आहे.

आता प्रत्यक्ष योजना कशी असावी, यावर माझे विचार मांडते.

दरवर्षी पंधरा विद्यार्थ्यांपासून सुरुवात करावी. एकाच अभ्यासक्रमाची अट न घालता वेगवेगळ्या वाटांना जागा ठेवावी: मोजणी व भूमापन, मालकी हक्काची तपासणी, मूल्यांकन, नगररचना, महारेरा नोंदणीकृत एजंट, इमारतींची देखभाल व व्यवस्थापन. निम्म्या जागा मुलींना द्याव्यात. बांधकाम कामगारांची मुले, अल्पभूधारक आणि भूमिहीनांची मुले, गुंठेवारीतल्या आणि पूरग्रस्त वस्त्यांतली मुले यांना अग्रक्रम असावा. शुल्काची सरकारी सवलत ज्यांना मिळते त्यांना ती मिळवून देण्यासाठी मदत करावी आणि निधीतला पैसा राहणे, जेवण, प्रवास, पुस्तके, परीक्षा व नोंदणी शुल्क यांवर खर्च करावा.

हिशेब अवघड नाही. महिन्याला सहा हजार धरले तर दहा महिन्यांचे साठ हजार होतात. चाळीस फ्लॅटच्या एका इमारतीत फ्लॅटमागे दीड हजार रुपये बाजूला काढले, तरी तेवढी रक्कम उभी राहते. म्हणजे एक इमारत एका विद्यार्थ्याचे एक वर्ष पेलते. हा पैसा ग्राहकाच्या बिलात चढवू नये. तो विकसकाच्या नफ्यातून यावा. आपल्या 'दालन' प्रदर्शनाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटाही या निधीत टाकता येईल. घर शोधायला आलेल्या हजारो कुटुंबांना तिथेच या योजनेची माहिती मिळेल, आणि त्यांच्यातल्याच एखाद्या मुलीला आपली वाट सापडेल.

पैशाइतकीच संगतीचीही गरज आहे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे आपल्यातला एक अनुभवी सभासद उभा राहावा. महिन्यातून एकदा त्याने त्या मुलाला साईटवर, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात, भूमी अभिलेखच्या मोजणीला, महापालिकेच्या नगररचना विभागात सोबत न्यावे. कागद कुठे अडतो, का अडतो आणि सरळ मार्गाने कसा सोडवायचा, हे पुस्तकात सापडत नाही. ज्यांच्या घरात हा व्यवसाय आहे त्यांची मुले ते जेवताना ऐकून शिकतात. बाकीच्यांना ते ऐकवण्याची सोय आपण करायची आहे. असोसिएशन ऑफ आर्किटेक्ट्स अँड इंजिनिअर्स, शहरातला वकीलवर्ग आणि शिवाजी विद्यापीठ यांनाही यात सामील करून घ्यावे. 'कमवा आणि शिका' ही परंपरा आपल्या विद्यापीठात रुजलेली आहेच. सुट्टीत सभासदांच्या कार्यालयात योग्य मोबदल्याचे काम दिले, तर तीच परंपरा पुढे जाईल.

दोन शंका मला आधीच ऐकू येतात. पहिली, साईटवर जे शिकायला मिळते तेच खरे शिक्षण, वर्गात बसून धंदा कळत नाही. पहिला भाग मला मान्य आहे, म्हणून तर साईट आणि कार्यालय मी योजनेत घातले आहे. पण भिंत ओळंब्यात आहे की नाही हे साईटवर कळते, ती ज्या जमिनीवर उभी आहे तिच्यावर कुणाचा हक्क आहे हे तिथे कळत नाही. त्यासाठी कायदा, महसूल आणि मोजणी यांचा अभ्यासच लागतो.

दुसरी शंका, शिकवलेली मुले पुण्या-मुंबईला निघून जातील. काही जातील. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कराड तालुक्यातल्या काले गावी. त्यामुळे कोल्हापूरचे काही गेले का? उलट कर्मवीरांच्या कामात आपले शहर आजही आपला वाटा अभिमानाने पाहते. मुलगा कुठे जाईल याची अट घालून शिकवले असते, तर या शहराच्या बोर्डिंगांना आज जो मान आहे तो मिळाला नसता.

म्हणून शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ही शिष्यवृत्ती मोकळी असावी. शिक्षण संपल्यावर अमुक वर्षे अमुक कंपनीत काम करण्याचा करार नसावा. निवड समितीत संघटनेबाहेरचे शिक्षक आणि सामाजिक क्षेत्रातले लोक बहुमतात असावेत. सभासदांच्या नातेवाइकांना ती मिळू नये. किती पैसे आले, कुणावर किती खर्च झाले, याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. आणि ज्यांना मदत मिळाली त्यांनी कुणाचेही मिंधे राहू नये. यातली एखादी मुलगी उद्या मूल्यांकक होईल आणि आपल्याच एखाद्या सभासदाच्या प्रकल्पाबद्दल लिहील, की ही जागा निळ्या रेषेच्या आत आहे. कुणी वकील होऊन लिहील, की या सातबाऱ्यावर देवस्थानचा हक्क आहे, व्यवहार थांबवा. त्या दिवशी आपला निधी सत्कारणी लागला असे समजा. अशा निर्भय अहवालाने एक सौदा मोडेल, पण चाळीस कुटुंबे बुडण्यापासून वाचतील, आणि कोल्हापुरातल्या बांधकाम व्यवसायाच्या शब्दाला जे वजन येईल ते कुठल्याही जाहिरातीने येणार नाही.

२६ जून हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस, राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. येत्या २६ जूनला आपण या निधीची घोषणा करावी आणि त्याच वेळी अर्ज मागवावेत. पदविका आणि पदवीचे प्रवेश त्याच सुमारास सुरू असतात, त्यामुळे बारावीनंतर काय करायचे या विचारात असलेल्या मुलांपर्यंत ही वाट वेळेत पोहोचेल. नियमावलीचा कच्चा मसुदा करायला मी आनंदाने बसेन. निवडलेल्या विद्यार्थ्यांचे सर्वेक्षणाचे वर्ग रविवारी विनामूल्य घ्यायचीही माझी तयारी आहे, आणि माझ्यासारखे निवृत्त शिक्षक, अभियंते, महसूल खात्यातली अनुभवी मंडळी या शहरात पुष्कळ आहेत. आपण पुढाकार घेतलात तर आम्ही सारे सोबत येऊ. आपल्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि निर्णय जाहीर करावा, ही आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
कोल्हापुरातील एक निवृत्त शिक्षिका